वर्ल्ड अर्बन फोरमला पहिल्यांदा जाताय? नोंदणीपासून परत आल्यानंतरच्या टिपणापर्यंत

शहर नियोजनाच्या बहुतेक आंतरराष्ट्रीय परिषदांचं शुल्क ऐकूनच वॉर्डात काम करणारा माणूस मागे फिरतो. वर्ल्ड अर्बन फोरम त्याला अपवाद आहे. इथली नोंदणी सगळ्यांना खुली आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. मंत्री, महापौर, नगररचनाकार, प्राध्यापक, फेरीवाल्यांच्या संघटना, वस्त्यांमधल्या महिला मंडळांच्या कार्यकर्त्या, विद्यार्थी असे सगळे एकाच मांडवाखाली येतात. पण दार इतकं मोकळं असल्यामुळेच आत गेल्यावर कुणी हात धरत नाही. २०२४ मध्ये कैरोला २४ हजारांच्या वर माणसं आली होती. एवढ्या गर्दीत, एकाच वेळी चालणाऱ्या डझनावारी सत्रांत, तयारीशिवाय गेलेला माणूस पाच दिवस भटकतो आणि पिशवीभर माहितीपत्रकं घेऊन घरी येतो. महाराष्ट्रातून नागरी संघटना, पालिका, महाविद्यालय किंवा वस्ती संघटनेतर्फे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी ही माहिती लिहिली आहे.

१. हे फोरम काय आहे आणि काय नाही

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००१ मध्ये ठराव करून हे फोरम सुरू केलं. भरवते यूएन-हॅबिटॅट ही शहरं आणि निवाऱ्याचं काम पाहणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था, यजमान देशाच्या सरकारबरोबर. पहिलं नैरोबीत २००२ साली भरलं. मग बार्सिलोना, व्हँकुव्हर, नानजिंग, रिओ, नेपल्स, कोलंबियातलं मेदेयीन, क्वालालंपूर, अबुधाबी, कातोवित्से, कैरो. तेराव्यासाठी अझरबैजानमधल्या बाकूची निवड झाली, तारखा १७ ते २२ मे २०२६. साधारण दोन वर्षांनी एकदा, दरवेळी वेगळ्या शहरात, असा क्रम आहे. २०१६ मध्ये मात्र इक्वेडोरमधल्या किटोला हॅबिटॅट-३ ही संयुक्त राष्ट्रांची घरं आणि शहरांवरची मोठी परिषद झाली, म्हणून त्या वर्षी फोरम भरलं नाही आणि आठवा क्रमांक गाळला गेला.

इथे मतदान होत नाही, करार होत नाहीत, कुणावर काही बंधनकारक होत नाही. शेवटी एक आवाहन किंवा जाहीरनामा निघतो, तेवढंच. त्यामुळे ‘आमच्या नदीकाठचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत मांडला’ अशी बातमी छापून आणण्यापुरतं जायचं असेल तर तिकिटाचे पैसे वाचवा. या फोरममधून खरं मिळतं ते एवढंच की तुमच्याच प्रश्नाशी दुसऱ्या शहरात दहा वर्षं झगडलेला माणूस समोरासमोर भेटतो.

जाण्याआधी दोन गोष्टी वाचा. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी शहरांविषयीच्या उद्दिष्ट ११ मधली ११.१ (घरं), ११.२ (वाहतूक), ११.३ (लोकसहभागाचं नियोजन) आणि ११.७ (सार्वजनिक जागा) ही चार लक्ष्यं तिथे प्रत्येकाच्या तोंडी असतात. दुसरा दस्तऐवज म्हणजे किटोत २० ऑक्टोबर २०१६ ला स्वीकारलेला ‘न्यू अर्बन अजेंडा’. त्यात १७५ परिच्छेद आहेत. सगळे वाचायची गरज नाही. आपल्या विषयाचे पाच-सहा शोधून त्यांचे क्रमांक टिपून ठेवा, बोलताना उपयोगी पडतात.

फोरमच्या बाहेरही लक्ष ठेवा. रिओला २०१० मध्ये आणि मेदेयीनला २०१४ मध्ये स्थानिक चळवळींनी अधिकृत फोरमच्या जोडीला स्वतःचं पर्यायी ‘अर्बन सोशल फोरम’ भरवलं होतं. घरं पाडली जाणारी माणसं, भाडेकरू संघटना, पाण्याच्या खासगीकरणाविरुद्ध लढणारे तिथे भेटले. त्या शहरातल्या गृहहक्क संघटनांकडे महिनाभर आधी चौकशी केली तर असं काही होणार आहे का ते कळतं. असेल तर अर्धा दिवस तिकडे द्याच.

२. कोणत्या नात्याने जाताय ते ठरवा

नोंदणी अर्जात गट निवडावा लागतो: केंद्र किंवा राज्य सरकार, स्थानिक स्वराज्य संस्था, स्वयंसेवी संस्था, तळागाळातल्या संघटना, व्यावसायिक, शिक्षण-संशोधन, युवा, खासगी क्षेत्र वगैरे. पुष्कळ जण इथे घाईत काहीही टिचकवतात. तसं करू नका, कारण बॅजवर संस्थेचं नाव येतं आणि समोरचा माणूस आधी बॅज वाचतो, मग चेहरा बघतो. पालिकेत अभियंता असलात आणि सुट्टी काढून स्वतःच्या खर्चाने जात असलात, तर पालिकेचं नाव परवानगीशिवाय लिहू नका.

पत्रकारांसाठी वेगळी प्रक्रिया असते. सर्वसाधारण नोंदणी करून आत गेलात तर पत्रकार परिषदेच्या खोलीत सोडत नाहीत. संपादकांचं पत्र आणि प्रसिद्ध झालेल्या बातम्यांचे नमुने तयार ठेवा.

३. नोंदणी

नोंदणी फक्त यूएन-हॅबिटॅटच्या अधिकृत संकेतस्थळावरून होते. लागतात ती कागदपत्रं थोडी आहेत:

– पासपोर्ट (क्रमांक, संपण्याची तारीख, पहिल्या पानाची स्वच्छ प्रत)
– पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा अलीकडचा फोटो
– संस्थेचं नाव, पत्ता आणि तुमचं पद, इंग्रजीत
– रोज उघडला जाणारा ईमेल पत्ता. संस्थेचा सामाईक पत्ता नको, त्यातली पत्रं हरवतात.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो नावाचा. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन पदरी पद्धत आहे. पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात बहुधा पहिली दोन्ही नावं एकत्र असतात आणि आडनाव वेगळं. अर्ज भरताना मधलं नाव गाळलं, तिकिटावर ते आलं आणि व्हिसावर तिसरंच काही छापलं, तर विमानतळावर किंवा बॅजच्या खिडकीवर अडकायला होतं. लग्नानंतर आधारवर नाव बदललं पण पासपोर्टवर नाही, असंही अनेकींचं असतं. पासपोर्टवर जे अक्षर जिथे आहे, तेच नोंदणीत, व्हिसाच्या अर्जात आणि तिकिटावर. आधार विसरा.

नोंदणी मंजूर झाल्याचं पत्र क्यूआर कोडसह ईमेलवर येतं. त्याच्या दोन छापील प्रती काढा, एक फोनमध्ये ठेवा.

इथेच एक सापळा आहे. ‘तुमची निवड झाली आहे, विमान तिकीट संयुक्त राष्ट्रं देणार, फक्त हॉटेलची आगाऊ रक्कम आमच्या एजंटकडे भरा’ अशी पत्रं दरवेळी फिरतात. त्यावर संयुक्त राष्ट्रांचं बोधचिन्ह असतं, सही असते, इंग्रजी झोकदार असतं. फोरमच्या नोंदणीला शुल्क नाही आणि यूएन-हॅबिटॅट कुणाला हॉटेलचे पैसे एजंटकडे भरायला सांगत नाही. पत्र अधिकृत पत्त्यावरून आलंय का ते पाहा. जीमेल किंवा तत्सम पत्ता दिसला की थांबा.

४. व्हिसा: नोंदणी म्हणजे व्हिसा नव्हे

नोंदणीचं पत्र हातात आलं की निम्मं काम झालं असं वाटतं. तसं नसतं. व्हिसा यजमान देश देतो, तोही त्याच्या नेहमीच्या नियमांनी. फोरम दरवेळी वेगळ्या देशात असल्यामुळे मागच्या वेळी गेलेल्यांचा अनुभव इथे कामाला येत नाही. ढोबळ तीन प्रकार पडतात.

ई-व्हिसा देणारे देश. अझरबैजान भारतीय पासपोर्टवर ऑनलाइन व्हिसा देतो, साधारण तीन कामकाजाच्या दिवसांत. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी खासगी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट पैसे घेतात, म्हणून पत्ता अक्षर न अक्षर तपासून घ्या. बाकूबरोबर शेजारच्या जॉर्जियातलं तिबिलिसी करून रस्त्याने किंवा रेल्वेने यायचा बेत असेल तर आधी चौकशी करा. अझरबैजानने २०२० मध्ये करोनाच्या वेळी जमिनीवरच्या सीमा प्रवाशांसाठी बंद केल्या आणि साथ ओसरल्यावरही त्या वर्षानुवर्षं बंदच ठेवल्या.

शेंगेन देश, म्हणजे एकच सामाईक व्हिसा चालणारे युरोपातले देश. २०२२ चं फोरम पोलंडमधल्या कातोवित्सेला होतं, तिथे हाच व्हिसा लागला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने ते पंधरा दिवस आधी करता येतो, पण पंधरा दिवसांवर विसंबू नका. मुंबई-पुण्यातल्या केंद्रांवर उन्हाळी सुट्ट्यांच्या तोंडावर वेळ मिळणंच कठीण होतं. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, केंद्राचा सेवाखर्च वेगळा. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला लागतो. बँकेची विवरणपत्रं, आयकर विवरणपत्रं, नोकरी असल्यास रजामंजुरीचं पत्र, मुक्कामाचं आरक्षण हे सगळं जोडायचं. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम आलेली दिसली तर शंका घेतली जाते. संस्था खर्च करणार असेल तर तसं पत्र आणि संस्थेचंही बँक विवरण लावा.

व्हिसा न लागणारे किंवा फक्त ऑनलाइन परवानगी मागणारे देश. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसातून सूट दिली, पण पोहोचण्याआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन आगमनपत्र भरावं लागतं. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली. यूएन-हॅबिटॅटचं मुख्यालय नैरोबीत असल्याने या क्षेत्रातल्या माणसाला कधी ना कधी तिकडे जावं लागतं, म्हणून पीतज्वराच्या लशीचं इथेच सांगून ठेवतो. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी. पिवळं प्रमाणपत्र नसेल तर भारतात परत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, वेळ आधी घ्यावी लागते.

कोणताही देश असो, परतीच्या तारखेनंतर सहा महिने पासपोर्ट चालू असेल असं पाहिलं की बहुतेक अडचणी टळतात.

५. खर्च कोण करणार, आणि परवानगी कुणाची

नोंदणी फुकट असली तरी विमान, मुक्काम, जेवण, व्हिसा, विमा, स्थानिक प्रवास, छपाई आणि गरज असल्यास दुभाषी हे सगळं आपल्याच खिशातून जातं. एकूण अंदाजावर दहा टक्के जादा ठेवा.

परदेशी संस्थेने खर्च उचलायची तयारी दाखवली तर आनंदाआधी कायदा बघा. परकीय योगदान नियमन कायदा, २०१० च्या कलम ६ प्रमाणे विधिमंडळाचे सदस्य, राजकीय पक्षांचे पदाधिकारी, न्यायाधीश, सरकारी कर्मचारी आणि सरकारी मालकीच्या किंवा नियंत्रणातल्या संस्थांचे कर्मचारी यांना परदेशात परकीय आदरातिथ्य घ्यायचं असेल तर केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. या कायद्यातली ‘विधिमंडळा’ची व्याख्या रुंद आहे. तीत नगरपालिका आणि पंचायतीही येतात. म्हणजे नगरसेवक, नगराध्यक्ष, सरपंच, ग्रामपंचायत सदस्य सगळे आले. अर्ज एफसी-२ या नमुन्यात ऑनलाइन करायचा, प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी पोहोचेल असा. खुद्द संयुक्त राष्ट्रं या कायद्यात ‘परकीय स्रोत’ धरली जात नाहीत. पण एखादं परदेशी प्रतिष्ठान, विद्यापीठ किंवा यजमान शहराची पालिका खर्च करत असेल तर परवानगी हवीच. तिकीट ‘त्यांनी परस्पर काढलं’ म्हणून सुटका होत नाही, मोफत प्रवास आणि मोफत मुक्काम हेच तर आदरातिथ्य. उत्साही नगरसेवकांची नेमकी इथेच नंतर पंचाईत होते, म्हणून हे आधी करा.

सरकारी आणि पालिका कर्मचाऱ्यांना याखेरीज आपल्या कार्यालयाचं ना हरकत पत्र आणि परदेश प्रवासाची रजा लागते. फाइल किती टेबलांवरून फिरते हे तुम्हाला माहीत आहे. तीन महिने हाताशी ठेवा.

६. मुक्काम

शहराच्या नावावरून हॉटेल शोधू नका, सभास्थानाच्या नावावरून शोधा. कातोवित्सेत सभास्थान शहराच्या मधोमध, स्टेशनपासून चालत जाण्याजोगं होतं. कैरोत ते नव्या कैरोतल्या प्रदर्शन केंद्रात होतं, आणि तहरीर चौकाजवळ स्वस्त खोली घेतलेल्यांचे रोजचे कित्येक तास रस्त्यात गेले. फोरमच्या बससेवा ठरावीक हॉटेलांवरून सुटतात, त्यांची यादी संकेतस्थळावर येते. त्यातलं हॉटेल परवडत नसेल तर त्याच्या चालत अंतरावरचं घर बघा आणि त्यांच्या थांब्यावरून बस धरा.

सभास्थान जाहीर झालं की दर वर जातात. व्हिसा मिळायच्या आधीच, पण विनाशुल्क रद्द करता येईल असं आरक्षण करून टाका. चार्जरचं पाहून ठेवा: पोलंड, इजिप्त, अझरबैजानमध्ये आपली दोन गोल पिनांची पिन बसते, तीन पिनांची नाही. मलेशिया, केनिया आणि अमिरातीत चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर लागतो.

७. कार्यक्रमपत्रिका वाचायची कशी

पत्रिकेत सत्रांचे दहा-बारा प्रकार दिसतात आणि नवखा माणूस साहजिकच वरून सुरुवात करतो: उद्घाटन, मग मोठ्या व्यासपीठावरचे संवाद, मग मंत्र्यांची गोलमेज. आमचा सल्ला उलटा आहे. खालून सुरू करा.

महत्त्वाची मोठी सत्रं संयुक्त राष्ट्रांच्या वेब टीव्हीवर दिसतात आणि नंतरही पाहता येतात. त्यात लिहून आणलेली भाषणं असतात, प्रश्नांना वेळ उरत नाही. एक उद्घाटन बघा, वातावरण कळायला. बाकी घरी आल्यावर.

सुरुवातीच्या दिवसांतल्या गटवार सभा चुकवू नका. महिलांची, युवांची, तळागाळातल्या संघटनांची, स्थानिक स्वराज्य संस्थांची अशा वेगवेगळ्या सभा भरतात. आपल्यासारखेच लोक एका खोलीत सापडतात ते इथे. पुढचे चार दिवस कुणाबरोबर चहा प्यायचा हे या सभांत ठरतं. अनेक जण उद्घाटनाची तारीख बघून तिकीट काढतात आणि या सभांना मुकतात. एक दिवस आधी पोहोचा.

सगळ्यात कामाची ती नेटवर्किंग सत्रं. ही संस्थांनीच मिळून चालवलेली असतात, छोट्या खोल्यांत, विषय नेमका: शहरी पूर, भाडेतत्त्वावरची घरं, कचरावेचकांचे करार, जमिनीची मालकी. सत्र संपल्यावर वक्ते दहा मिनिटं तरी तिथेच रेंगाळतात. त्या दहा मिनिटांसाठी सत्राला जायचं.

प्रशिक्षण सत्रांत जागा मोजक्या असतात. वीस मिनिटं आधी जा, दार बंद झालं की सुरक्षारक्षक उघडत नाही. ग्रंथालय आणि चित्रपटाच्या दालनांत पाय दुखायला लागले की बसा.

आखणी कागदावर करा. प्रत्येक दिवसाला चार रकाने: एक ‘नक्की’, दोन ‘जमलं तर’ आणि एक कोरा. दिवसात तीनपेक्षा जास्त सत्रं ठरवू नका. दालनांमधलं अंतर, सुरक्षातपासणी आणि रांगा यांत वेळ जातो. कोरा रकाना भेटींसाठी, तो भरतोच. ॲप डाउनलोड करा पण त्यावरच राहू नका, हजारो लोक एकदम उघडतात तेव्हा सभास्थानाचं वाय-फाय मान टाकतं.

स्वतःचं सत्र भरवायचं असेल तर अर्ज सुमारे अर्धं वर्ष आधी मागवले जातात. वेगवेगळ्या देशांतले भागीदार आणि वक्त्यांमध्ये स्त्री-पुरुष समतोल या गोष्टी बघितल्या जातात. पहिल्याच वर्षी हा खटाटोप करू नये. त्यापेक्षा दुसऱ्या कुणाच्या सत्रात पाच मिनिटं मागून घ्या.

८. आपल्या शहराचं एक पान

जाताना एक ए-४ पान तयार ठेवा. वर शहराचं आणि वॉर्डाचं नाव. खाली एक नकाशा, एक प्रश्न, तीन आकडे, आतापर्यंत केलेले उपाय आणि आपल्याला काय हवंय ते एका वाक्यात. मागच्या बाजूला क्यूआर कोड, त्यावर सविस्तर अहवाल. पन्नास प्रती पुरतात. जाडजूड पुस्तिका नेल्या तर त्या हॉटेलच्या खोलीत सोडून याव्या लागतात. नकाशा आपल्या शहराचाच ठेवा. भारताचा पूर्ण नकाशा परदेशी संकेतस्थळावरून उचलला तर सीमा चुकीच्या असू शकतात आणि तो आपल्याकडे गुन्हा ठरतो.

आता भाषेचं. इंग्रजी येत असूनही आपण जे बोलतो ते समोरच्याला कळत नाही, कारण आपले नियोजनातले शब्द आपल्यापुरतेच आहेत. ही उजळणी करून जा:

‘कॉर्पोरेशन’ म्हटलं की परदेशी माणसाला खासगी कंपनी वाटते. ‘म्युनिसिपॅलिटी’ किंवा ‘सिटी गव्हर्नमेंट’ म्हणा. ‘कॉर्पोरेटर’ ऐवजी ‘सिटी कौन्सिलर’. ‘रिझर्वेशन’ म्हणजे त्याच्या लेखी हॉटेलची खोली, म्हणून विकास आराखड्यातलं आरक्षण सांगताना ‘सार्वजनिक वापरासाठी राखलेली खासगी जमीन’ असं फोडून सांगा. विकास आराखड्याला ‘डीपी’ म्हटलेलं चालत नाही, ‘कायद्याने बंधनकारक भूवापर आराखडा’ असं सांगा. ‘एफएसआय’, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, बाहेर बहुतेक ठिकाणी ‘एफएआर’ म्हणून ओळखला जातो. आपली नगररचना योजना (जमिनी एकत्र करून, रस्ते-सुविधांना जागा काढून, भूखंड नव्याने आखून परत देण्याची) म्हणजे त्यांची ‘लँड रीॲडजस्टमेंट’, आणि जपान, कोरिया, जर्मनीच्या लोकांशी यावर मनसोक्त बोलता येतं. झोपडपट्टी पुनर्वसन योजना एका दमात सांगायचा सराव करा: विकासक रहिवाशांना मोफत घर देतो, बदल्यात त्याला बाजारात विकायला जादा बांधकाम मिळतं. पुढचा प्रश्न ‘मग देखभाल कोण करतं?’ हा येणारच. प्रामाणिक उत्तर तयार ठेवा.

आकडेही बदलून न्या. लाख-कोटी चालत नाहीत: १० लाख म्हणजे एक मिलियन, १ कोटी म्हणजे दहा मिलियन. १ गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, ४० गुंठ्यांचा एकर, आणि १ हेक्टर म्हणजे जवळपास ९९ गुंठे. २६९ चौरस फुटांची खोली म्हणजे २५ चौरस मीटर. घरांच्या आकारावरच्या चर्चेत चौरस फूट बोललात की समोरचा मनात भागाकार करत बसतो आणि मुद्दा निसटतो.

आपल्याकडच्या कोणत्या गोष्टी बाहेरच्यांना ऐकायच्या असतात हेही माहीत असू द्या. मुंबईतल्या नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन, महिला मिलन आणि स्पार्क यांनी वस्त्यांची गणना वस्तीतल्या लोकांनीच करायची जी पद्धत रुजवली, ती आफ्रिकेतल्या अनेक शहरांनी उचलली. या फेडरेशनचे संस्थापक जोकिन अर्पुथम यांचं नाव नैरोबीपासून केपटाऊनपर्यंत वस्ती संघटनांमध्ये आजही आदराने घेतलं जातं. पुण्याची ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था, पुण्यात २००६-०७ पासून चालत आलेलं सहभागी अंदाजपत्रक, २०१६ चं पादचारी धोरण यांबद्दलही विचारतात. या गोष्टी आपल्याच शहरातल्या असून आपल्याला सांगता न येणं वाईट दिसतं. जाण्याआधी त्या माणसांना जाऊन भेटा, काय चाललं आणि काय अडलं दोन्ही विचारा.

९. मराठी किंवा हिंदीच बोलणाऱ्या सदस्य बरोबर असतील तर

मोठ्या सभागृहांत संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषांमध्ये कानात भाषांतर मिळतं: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. छोट्या खोल्यांत बहुधा फक्त इंग्रजी. हिंदी-मराठीची सोय नसते. वस्तीतल्या ताईंना व्यासपीठावर बसवायचं आणि मग शेजारच्याने त्यांच्या पाच वाक्यांचं एक वाक्य करायचं, हे अन्यायाचं आहे. दोन माणसांमागे एक दुभाषी न्या आणि निघण्याआधी त्यांचा एकत्र सराव घ्या. मागोमाग भाषांतरात वेळ दुप्पट लागतो. दहा मिनिटं मिळाली असतील तर मूळ बोलणं साडेचार मिनिटांचंच बसवा. आयोजकांना आधी कळवा, म्हणजे वक्ता मध्येच थांबवला जात नाही.

१०. पहिला दिवस

बॅज शक्य तर उद्घाटनाच्या आदल्या दिवशीच घ्या. लागतो मूळ पासपोर्ट आणि नोंदणीचा क्यूआर कोड. पासपोर्टची झेरॉक्स चालत नाही. बॅज रोज गळ्यात हवा. हरवला तर पुन्हा त्याच रांगेत.

फोरमच्या काळात सभास्थानात संयुक्त राष्ट्रांचे सुरक्षा नियम लागू असतात. सामान विमानतळासारखं तपासलं जातं. घोषणाफलक, पक्षाचे झेंडे, परवानगीशिवाय मार्गिकांमध्ये पत्रकं वाटणं चालत नाही. पत्रक हातात देऊन बोला, टेबलांवर पसरून ठेवू नका. पायात रुळलेले बूट असू द्या.

११. सत्रात प्रश्न विचारताना

सूत्रधार प्रश्नांना मोजकी मिनिटं देतो आणि भारतीय माणूस उठला की तो घड्याळाकडे बघतो. आपण प्रश्न न विचारता भाषण करतो ही ख्याती आहे. तीस सेकंद: नाव, शहर, एक आकडा, एक प्रश्न. खाली बसा.

चकचकीत प्रकल्पाचं सादरीकरण झालं की तीन गोष्टी विचारण्याजोग्या असतात. जमीन कुणाची होती? पैसे दरवर्षी कुठून येतात? तिथून कोण उठलं आणि आता कुठे राहतं? मेदेयीनचं उदाहरण घ्या. डोंगरावरच्या वस्त्यांना मेट्रोशी जोडणारी केबल कार तिथे २००४ मध्ये सुरू झाली आणि जगभरचे महापौर ती बघून आले. पण त्या शहराची वीज-पाणी कंपनी, ईपीएम, ही पालिकेच्या मालकीची आहे आणि नफ्यातला मोठा वाटा दरवर्षी शहराला देते. शाळा, वाचनालयं, जिने, रस्ते यांमागे तो पैसा उभा होता. केबल कारचे फोटो सगळ्यांकडे असतात, ईपीएमबद्दल विचारणारे थोडे. आपल्या पालिकेला केबल कारची नक्कल करता येईल, पण त्या मिळकतीची सोय काय, हा प्रश्न त्याच खोलीत विचारला पाहिजे.

यजमान शहर अभ्यासदौरे ठेवतं. जागा लवकर भरतात, नोंदणी उघडताच करा. त्यात शहराची चांगलीच बाजू दाखवतात, म्हणून अर्धा दिवस स्वतः साध्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन या. फुटपाथ कुठे संपतो, थांब्यावर सावली आहे का, रात्री आठनंतर बाई एकटी बसमध्ये आहे का, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

१२. रोज रात्री पंधरा मिनिटं, आणि परत आल्यावर

भेटलेल्या माणसाच्या कार्डावर त्याच रात्री मागे लिहा: कुठे भेटला, काय बोललो, काय पाठवायचं कबूल केलं. तिसऱ्या दिवसानंतर चेहरे एकमेकांत मिसळतात. कार्डाचा फोटो काढून गटातल्या दुसऱ्या कुणाला पाठवून ठेवा.

परतल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येकाला तीन ओळींचं पत्र पाठवा, कबूल केलेला कागद जोडून. महिनाभराने पाठवलेल्या पत्राला बहुधा उत्तर येत नाही.

पंधरा दिवसांत मराठीत चार पानी टिपण लिहा. कुठे गेलो, कुणाला भेटलो याची यादी नको. एका शहराचा एक उपाय, तो तिथे का चालला, त्यासाठी तिथे कोणता कायदा आणि कोणता पैसा होता, आपल्याकडे त्यातलं काय आहे आणि काय नाही, एवढंच. हे टिपण मोहल्ला समितीत, गृहनिर्माण संस्थांच्या बैठकीत, प्रभाग कार्यालयात वाचून दाखवा. पुण्यात असाल तर नागरिकांच्या सूचनांचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयात अंदाजपत्रकाच्या बऱ्याच आधी घेतले जातात, ती तारीख चुकली तर सूचना पुढच्या वर्षावर जाते. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झालेला असेल तर हरकती-सूचनांची मुदत जाहिरातीतच छापलेली असते. टिपणातला मुद्दा तिथे लेखी द्या, सर्व्हे नंबर किंवा आरक्षण क्रमांक घालून, आणि पोच घ्या. सुनावणीला बोलावणं आलं की त्या परदेशी शहराचा नियम छापून, त्याचं मराठी भाषांतर जोडून न्या.

बोर्डिंग पास, हॉटेलची बिलं, विम्याची पावती हे सगळं संस्थेच्या हिशेबासाठी एका पाकिटात ठेवा. थर्मल कागदावरची पावती काही महिन्यांत कोरी होते. तिची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढा.